गेटाबाहेरचे पहिले पंधरा दिवस

1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराबाहेरच्या सुमारे हजार एकर कुरणावर एक सरकारी संस्था सुरू झाली. तिला तुरुंग म्हणावं की इस्पितळ, हे ती चालवणाऱ्यांनाही शेवटपर्यंत नीट ठरवता आलं नाही. खिडक्यांना गज होते आणि आत डॉक्टर होते. दुभत्या गायींचा गोठा होता, टोमॅटोचे मळे होते, शिवणकाम आणि सुतारकामाच्या शाळा होत्या, भलंमोठं नाट्यगृह होतं. नाव होतं 'युनायटेड स्टेट्स नार्कोटिक फार्म'. वर्षभरातच ते बदलून 'पब्लिक हेल्थ सर्व्हिस हॉस्पिटल' करण्यात आलं. लोक मात्र त्याला 'नार्को'च म्हणत राहिले.

ही संस्था निघाली ती अडचणीपोटी. 1914 च्या हॅरिसन कायद्यानं अमेरिकेत अफू, मॉर्फिन आणि हेरॉइनवर सरकारी नियंत्रण आलं. पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ असा लावला, की व्यसनी माणसाला नुसतं सावरून धरण्यासाठी मॉर्फिन लिहून देणं हा उपचार होत नाही. डॉक्टरांनी हात आखडते घेतले. रुग्ण गल्लीतल्या विक्रेत्याकडे वळले आणि तिथून तुरुंगात पोचले. 1920 च्या दशकात केंद्रीय तुरुंग या कैद्यांनी भरले आणि ही ब्याद आपल्या गळ्यात नको, असं वॉर्डन मंडळी म्हणू लागली. स्टीफन पोर्टर या खासदारांनी 1929 मध्ये दोन 'फार्म' बांधण्याचा कायदा मंजूर करून घेतला. लेक्सिंग्टन हे पहिलं. दुसरं टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला 1938 मध्ये उघडलं.

लेक्सिंग्टनला दोन प्रकारची माणसं येत. काही केंद्रीय न्यायालयानं शिक्षा ठोठावलेली, काही आपणहून आलेली. पहिले काही दिवस मॉर्फिनची मात्रा थोडी थोडी कमी करून शरीर मोकळं केलं जाई. मुंबईतले गर्दुल्ले ज्याला 'टर्की' म्हणतात, तो अंगाचा पिळवटून टाकणारा त्रास त्यामुळे सुसह्य होई. पुढचे चार-सहा महिने शेतात आणि कारखान्यात काम, सकस जेवण, मोकळी हवा. शिक्षेचा कैदी मुदत संपेपर्यंत राहणारच. पण आपणहून आलेल्याला केव्हाही निघून जाण्याची मुभा होती, आणि तलफ ओसरली की बहुतेक जण ती वापरत. मग यावर एक केंटकीछाप तोडगा निघाला. नेहमी येऊन-जाऊन असणाऱ्या माणसानं स्थानिक न्यायालयात जायचं, आपण व्यसनी असल्याचा गुन्हा कबूल करायचा आणि वर्षभराची शिक्षा पदरात पाडून घ्यायची. डॉक्टर सोडतील तोवर इस्पितळात राहिलं तर शिक्षा स्थगित. या प्रांताच्या प्रसिद्ध गवतावरून रुग्ण त्याला 'ब्लू ग्रास' म्हणत. उपचार मिळावेत म्हणून माणसानं स्वतःहून आरोपी व्हायचं, असा हा मामला होता.

न्यूयॉर्कचे जाझ वादक इथे इतक्या संख्येनं यायचे, की नार्कोच्या वाद्यवृंदाची ख्याती बाहेर पसरली. सॉनी रॉलिन्स आणि चेट बेकर हे दोघेही इथे राहून गेले. विल्यम बरोज या लेखकानं 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात लेक्सिंग्टनचा मुक्काम रंगवला आहे.

मग घरी गेल्यावर काय व्हायचं? याचं उत्तर 1962 मध्ये हंट आणि ओडोरॉफ या दोघांनी सरकारी आरोग्य नियतकालिकात छापलं. लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे एकोणीसशे जणांचा त्यांनी माग काढला होता. त्यांतले नव्वद टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनाकडे वळले होते, तेही बहुतेक सहा महिन्यांच्या आत. पाव शतकाहून जास्त काळ चाललेल्या सरकारी व्यसनमुक्ती प्रयोगाचा हा निकाल होता. टीकाकारांनी 'फार्म' फसलं असा शिक्का मारला.

तो शिक्का अर्धाच खरा होता. लेक्सिंग्टनला काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी न्यूयॉर्कच्या शंभर रुग्णांचा बारा वर्षांचा मागोवा 1966 मध्ये मांडला. आपणहून येऊन लवकर निघून गेलेल्यांत फारच थोडे टिकले होते. ज्यांना काही महिन्यांची कैद आणि त्यानंतर वर्षभर देखरेखीखालची सुटका मिळाली होती, त्यांच्यात टिकलेल्यांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. (अमेरिकेतला 'पॅरोल' तो हा. आपल्याकडे कैद्याला मिळणाऱ्या रजेशी त्याचा संबंध नाही.) म्हणजे फरक पडत होता तो गेटाबाहेर कोणीतरी वाट पाहत असण्यानं. लेक्सिंग्टनची व्यवस्था नेमकी तिथे संपत होती. केंटकीतल्या डॉक्टरांचा आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. रेल्वेचं तिकीट काढून दिलं की सरकारचं काम झालं.

लेक्सिंग्टनचा दुसरा चेहरा 1975 मध्ये सिनेटच्या सुनावणीत उघड झाला. तिथल्या संशोधन केंद्रानं कैद्यांवर अमली पदार्थांचे प्रयोग केले होते आणि मोबदल्यात अमली पदार्थच दिले होते. केंद्राचे प्रमुख हॅरिस इझबेल यांनी सीआयएच्या पैशातून एलएसडीचे प्रयोग केले. त्यांत सात जणांना ते सलग 77 दिवस दिलं गेलं. तोवर खुद्द इस्पितळाचा कारभार आटोपला होता. 1974 मध्ये वास्तू तुरुंग खात्याच्या ताब्यात गेली.

पण इथून एक औषध बाहेर पडलं आणि त्यानं पुढचा इतिहास बदलला. मेथाडोन हे युद्धकाळातल्या जर्मनीत तयार झालेलं वेदनाशामक. युद्धानंतर लेक्सिंग्टनमध्ये त्याची कसून तपासणी झाली आणि टर्कीचा त्रास कमी करायला ते वापरात आलं. मारी निस्वांडर ही तरुण डॉक्टर 1945 च्या सुमारास इथे कामाला होती. इथल्या तुरुंगी शिस्तीनं ती अस्वस्थ होऊन परतली. वीसेक वर्षांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल यांच्यासोबत तिनं वेगळाच विचार मांडला: मेथाडोन आठवडाभर देऊन बंद कशासाठी करायचं? मधुमेहाच्या रुग्णाला आपण इन्शुलिन रोज देतोच ना? रोज एकदा तोंडानं घेतलेल्या योग्य मात्रेनं तलफ शमते, नशा चढत नाही आणि माणूस कामाधंद्याला लागू शकतो, हे त्यांनी 1965 मध्ये दाखवून दिलं.

पुढचा प्रयोग तुरुंगात झाला आणि तो फार छोटा होता. न्यूयॉर्क शहराचा तुरुंग रायकर्स बेटावर, ईस्ट रिव्हर नदीत आहे. सुटका जवळ आलेल्या, अनेकदा शिक्षा भोगलेल्या आणि वर्षानुवर्षं हेरॉइन घेणाऱ्या कैद्यांची डोल यांनी सोडत काढली. ज्यांचं नाव निघालं त्या बारा जणांना सुटकेआधीच मेथाडोन सुरू झालं आणि बाहेरच्या दवाखान्याशी त्यांची गाठ घालून दिली गेली. सोळा जण नेहमीसारखेच सुटले. 1969 मध्ये निकाल छापला गेला. त्या सोळांपैकी प्रत्येक जण पुन्हा हेरॉइनकडे गेला होता आणि पंधरा जणांना नव्यानं शिक्षा झाली होती. मेथाडोनच्या बारांपैकी एकही जण पुन्हा रोजच्या हेरॉइनवर गेला नव्हता, शिक्षा तिघांना झाली होती. एवढा स्वच्छ निकाल हाती असताना रायकर्समध्ये मेथाडोनचा नियमित कार्यक्रम सुरू व्हायला 1987 उजाडलं. मधली अठरा वर्षं 'कैद्यांना सरकारी खर्चानं नशा कशाला' या एका वाक्यावर निघून गेली.

1987 मध्ये शहराचं मन का बदललं, याचं उत्तर एचआयव्हीत आहे. न्यूयॉर्कमध्ये सुई टोचून घेणाऱ्यांत हा विषाणू वणव्यासारखा पसरला होता आणि तुरुंग तर त्याच माणसांनी भरलेले होते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याच्या तुरुंगांतल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण एड्स होतं. 1988 च्या सुमारास तुरुंगात नव्यानं आलेल्या स्त्रियांच्या रक्ताची नावं न जोडता तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ पाचातली एक एचआयव्हीबाधित निघाली. शहरानं मेथाडोनला होकार दिला, पण एक खोच ठेवून. ज्याला लांबची शिक्षा होऊन राज्याच्या तुरुंगात जायचं असेल त्याचं औषध कमी करत बंद व्हायचं, कारण तिकडे मेथाडोन नव्हतंच. बेटावरचा उपचार पुलापलीकडे चालत नव्हता.

बेडफोर्ड हिल्स हा न्यूयॉर्क राज्यातला स्त्रियांचा कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग. 1988 मध्ये तिथल्या कैदी बायकांनीच एड्ससाठी एक गट उभा केला, 'एसीई' नावाचा. त्याआधीची स्थिती अशी, की आजारी बाईचं ताट कोणी उचलायचं नाही, तिनं वापरलेल्या नळाला हात लावायचा नाही, बरोबर बसायचं नाही. गटातल्या बायका दवाखान्यात जाऊन खंगलेल्या मैत्रिणींना न्हाऊ-माखू घालू लागल्या, केस विंचरून देऊ लागल्या. बराकीत बसून विषाणू कशानं पसरतो आणि कशानं पसरत नाही हे समजावून सांगू लागल्या. अधीक्षक एलेन लॉर्ड यांनी परवानगी दिली, अधूनमधून रोखलंही, पण गट टिकला.

या गटातली कॅटरिना हॅस्लिप तुरुंगाच्या कायदा ग्रंथालयात काम करत करत कायदा शिकली होती. स्वतः एचआयव्हीबाधित. 1990 मध्ये सुटल्यावर तिला दिसलं, की आत एकमेकींना धरून राहिलेल्या बायका बाहेर आल्या की एकेकट्या पडतात. राहायला घर नाही, मुलं सरकारी देखभालीत, दवाखान्याचा पत्ता हाती नाही. तिनं सुटलेल्या बायकांसाठी 'एसीई-आउट' सुरू केलं. तिच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. एड्सची सरकारी व्याख्या पुरुषांच्या आजारांवरून बेतलेली होती. गर्भाशयमुखाचा कर्करोग किंवा वारंवार होणारा न्यूमोनिया झालेली बाई मरणपंथाला लागली, तरी कागदोपत्री तिला एड्स नसे. अपंगत्वाचा भत्ताही मग नाही. व्याख्या बदलण्याच्या मोहिमेत ती पुढे होती. बदललेली व्याख्या 1 जानेवारी 1993 पासून लागू झाली. 2 डिसेंबर 1992 रोजी हॅस्लिप वारली होती.

इतरत्र तुरुंगांनी उपचाराऐवजी कुलपावर भर दिला. अलाबामात बाधित कैद्यांची वेगळी बराक होती आणि पुरुषांना दंडावर पांढरी पट्टी बांधावी लागे. ही प्रथा बेकायदा आहे, असं केंद्रीय न्यायालयानं 2012 च्या डिसेंबरात ठरवलं. आपल्या शेजारी गोव्यात तर आजारालाच कैद झाली होती. डॉमनिक डिसोझा हा पर्रा गावचा तरुण नेहमी रक्तदान करायचा. 1989 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशातल्या बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात कोंडून ठेवलं. का, ते आधी सांगितलंही नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या दुरुस्तीनं तशी मुभा दिली होती. 64 दिवसांनी तो सुटला. त्याची आई लुसी डिसोझा यांनी लढवलेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं अलगीकरणाची तरतूद वैधच ठरवली. डॉमनिकनं पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि 1992 मध्ये तो गेला.

वेगळं कोंडल्यानं विषाणू थांबत नाही, याचा पुरावा स्कॉटलंडमधून आला. 1993 च्या पूर्वार्धात ग्लेनॉकिल तुरुंगात काविळीचे रुग्ण अचानक दिसू लागले, म्हणून डॉक्टरांच्या एका पथकानं कैद्यांना एचआयव्ही तपासणीसाठी विचारलं. तुरुंगात इंजेक्शन घेणारे चौदा जण बाधित निघाले. पुढे विषाणूची रचना ताडून पाहिली तेव्हा तेरा जणांचा विषाणू जवळजवळ एकच होता. तुरुंगात चोरून आलेल्या दोन-चार सिरिंजा, बोथट होईस्तोवर आणि कडेला घासून पुन्हा धार लावून, बराकभर फिरत होत्या. लिथुआनियातल्या अलिटुस तुरुंगात 2002 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. अडीचशेहून जास्त कैदी बाधित सापडले. तोवर सगळ्या देशात मिळून नोंदलेले रुग्ण जेमतेम तीनशे होते.

स्वित्झर्लंडनं यातून जी वाट काढली तिची सुरुवात नियम मोडण्यातून झाली. सोलोथर्न प्रांतातला ओबरशॉनग्रुन हा पुरुषांचा छोटा तुरुंग. तिथे अर्धवेळ काम करणारे डॉ. फ्रांझ प्रोब्स्ट यांनी 1992 मध्ये पाहिलं, की सत्तरेक कैद्यांतले पंधराएक जण सुई टोचतात आणि एकमेकांची वापरतात. त्यांनी वरिष्ठांना न विचारता नव्या सिरिंजा वाटायला सुरुवात केली. तुरुंगाच्या अधीक्षकांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना काढून टाकण्याऐवजी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि प्रांताकडून रीतसर मंजुरी आणली. दोन वर्षांनी बर्नजवळच्या हिंडेलबांक या स्त्रियांच्या तुरुंगात यंत्रंच बसवली. वापरलेली सिरिंज आत टाकली की नवी बाहेर येते, एकाला एक. कोणाकडे हात पसरायला नको, नाव सांगायला नको. वर्षभराच्या पाहणीत सुया वाटून घेणं जवळपास थांबलं होतं, नवा एचआयव्ही रुग्ण नव्हता, नशेचं प्रमाण वाढलं नव्हतं आणि पहारेकऱ्यांना ज्याची धास्ती होती तो सिरिंजनं केलेला हल्ला एकदाही झाला नव्हता. 1997 मध्ये स्पेनच्या बासौरी तुरुंगानं हीच वाट धरली.

1996 नंतर एचआयव्हीवर औषधांचं त्रिकूट आलं आणि अमेरिकेच्या तुरुंगांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. आत असताना कैद्याची तब्येत सुधारायची. 1976 च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही घटनेनं मनाई केलेली क्रूर शिक्षा ठरते. त्यामुळे सरकारी खर्चानं उपचार मिळण्याचा घटनात्मक हक्क अमेरिकेत असलाच तर कैद्याला आहे, बाहेरच्या गरिबाला नाही. उलट गरिबांसाठीचा मेडिकेड विमा 1965 पासून कैद्यावर सहसा पैसा खर्च करत नाही. आत आला की विमा थांबायचा, सुटला की बहुतेक ठिकाणी पुन्हा अर्ज करावा लागायचा, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत महिने जायचे.

टेक्सासच्या संशोधकांनी या मधल्या पोकळीचं माप घेतलं. 2004 ते 2007 या काळात एचआयव्हीची औषधं चालू असताना सुटलेले 2,115 कैदी त्यांनी तपासले. प्रत्येकाला निघताना दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्या संपायच्या आत पुढचं औषध घेतलेले निघाले जेमतेम पाच टक्के. महिन्याभरात अठरा टक्के, दोन महिन्यांत तीस. सुटकेआधी कोणी शेजारी बसून अर्ज भरून दिला होता, त्यांचं प्रमाण बरंच चांगलं होतं. औषध मध्येच बंद पडलं की विषाणू पुन्हा उसळी घेतो, आणि धरसोड होत राहिली तर औषधाला दाद न देणारा होऊन बसतो.

अफूजन्य पदार्थांत तर दिवसांचाच हिशेब आहे. तुरुंगातल्या काही महिन्यांत शरीराची सवय मोडते, तलफ मोडत नाही. बाहेर आलेला माणूस जुन्याच मापानं घेतो. ते माप आता त्याच्या शरीराला झेपत नाही आणि मेंदूचं श्वास चालवणारं केंद्र मंद पडत जातं. वॉशिंग्टन राज्यातून 1999 ते 2003 दरम्यान सुटलेल्या 30,237 जणांची पाहणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरा पट होता. ओव्हरडोसनं मरण्याचा धोका 129 पट.

त्या दोन आठवड्यांतली पहिली रात्र कशी असे, हे न्यूयॉर्कच्या ब्रॅड एच. खटल्यात नोंदलं गेलं आहे. 1999 मध्ये दाखल झालेला हा दावा रायकर्सच्या मनोरुग्ण कैद्यांच्या वतीनं होता, आणि त्यांतल्या अनेकांना व्यसनही होतं. सुटका व्हायची रात्री दोन ते सहाच्या मध्ये. बस क्वीन्स प्लाझा चौकात आणून सोडायची. हातात दीड डॉलर रोख आणि दोन फेऱ्यांचं मेट्रोकार्ड. औषध नाही, चिठ्ठी नाही, उघडा दवाखाना नाही. उघडी असत ती चौकातली विक्रेत्यांची दुकानं. 2003 च्या तडजोडीनं शहराला बांधून घेतलं: औषधं, दवाखान्याची वेळ आणि विम्याचा अर्ज यांची तयारी सुटकेआधी झालीच पाहिजे.

व्यसनाच्या बाबतीत सगळे धागे एकत्र आणले ते ऱ्होड आयलंड या अमेरिकेतल्या सर्वांत छोट्या राज्यानं. त्याचे सगळे तुरुंग एकाच खात्याखाली, क्रॅन्स्टनच्या एकाच आवारात आहेत. 2016 मध्ये तिथे येणाऱ्या प्रत्येक कैद्याची व्यसनासाठी तपासणी सुरू झाली. मेथाडोन, ब्यूप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन, ही व्यसनावरची तिन्ही औषधं उपलब्ध झाली. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे औषध देणारी संस्था आत आणि बाहेर एकच ठेवली. क्रॅन्स्टनच्या आत ज्यांच्याकडून औषध घेतलं, सुटल्यावर त्यांच्याच गावातल्या दवाखान्यात जायचं. 2016 च्या पहिल्या सहामाहीत राज्यातल्या ओव्हरडोस-बळींपैकी 26 जण नुकते तुरुंगातून सुटलेले होते. 2017 च्या पहिल्या सहामाहीत तो आकडा 9 वर आला. डोल यांनी रायकर्सवर बारा जणांवर जे दाखवलं होतं, ते अख्ख्या राज्यावर दिसायला जवळपास अर्धं शतक लागलं. न्यूयॉर्क राज्यानं आपल्या सगळ्या तुरुंगांत ही औषधं सक्तीची करणारा कायदा 2021 मध्ये केला. कैद्याचा मेडिकेड विमा सुटकेच्या 90 दिवस आधीच जागा करण्याची परवानगी सर्वांत आधी कॅलिफोर्नियाला मिळाली, 2023 मध्ये.

भारतात ही चर्चा तिहारपासून सुरू होते. किरण बेदी महानिरीक्षक असताना, 1994 च्या एप्रिलमध्ये, इगतपुरीच्या सत्यनारायण गोएंकांनी तिथे हजाराहून जास्त कैद्यांचं विपश्यना शिबिर घेतलं. त्याच वर्षी तिहारमध्ये निरोध वाटायला बेदींनी नकार दिला. त्याविरुद्ध एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ही संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सोबतच समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 लाही तिनं आव्हान दिलं. त्या कलमाचा समलिंगी संबंधांपुरता निकाल लागायला 2018 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात 2004 च्या एप्रिलपासून एचआयव्हीवरची एआरटी औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली आणि 2008 च्या सुमारास तिहारमध्ये ब्यूप्रेनॉर्फिनच्या गोळीवर आधारलेला ओएसटी, म्हणजे अफूजन्य नशेऐवजी पर्यायी औषध देण्याचा उपचार सुरू झाला. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. सरकारच्या ताब्यातल्या प्रत्येक व्यक्तीला, मग ती शिक्षा झालेली असो वा खटल्याची वाट पाहणारी, एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन आणि उपचार यांचा हक्क तो देतो. निर्जंतुक सुया किंवा पर्यायी औषध देणं हा गुन्हा ठरत नाही, असंही तो सांगतो.

कायद्याचा हात गेटापर्यंत पोचतो. पुढची अडचण खास भारतीय आहे. आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. शिक्षा झालेल्याची सुटकेची तारीख आधीच ठाऊक असते, कच्च्या कैद्याची नसते. दुपारी कोर्टात जामीन मंजूर होतो, कागद तुरुंगात पोचतात आणि माणूस गेटाबाहेर येतो. ओएसटीची गोळी बहुतेक केंद्रांत रोज समोर बसवून दिली जाते, त्यामुळे उद्याची गोळी त्याच्या खिशात नसते. एआरटीचं कार्ड तुरुंगाच्या दवाखान्यात राहून गेलं, तर गावाकडच्या केंद्रात पहिल्यापासून सुरुवात. मुंबईत पकडलेला माणूस उत्तर प्रदेशचा किंवा मराठवाड्याचा असेल, तर तो संध्याकाळची गाडी पकडतो आणि त्याची फाइल मुंबईतच राहते.

रायकर्सही मुख्यतः कच्च्या कैद्यांचाच तुरुंग आहे आणि तिथेही हाच पेच होता. ब्रॅड एच. तडजोडीनं त्यावर असा मार्ग काढला, की सुटकेची तयारी कैदी आत आल्यावर लगेच सुरू करायची, तो कधी सुटेल याची वाट पाहायची नाही. आपल्याकडेही तुरुंगात दाखल होताना कैद्याच्या अंगावरच्या खुणा, रोख रक्कम आणि दागिने रजिस्टरात नोंदले जातात. त्याच बैठकीत त्याच्या गावाजवळचं एआरटी आणि ओएसटी केंद्र कोणतं, हे लिहून घ्यायला पाच मिनिटं लागतील. मग जामिनाच्या संध्याकाळी त्या पत्त्याची चिठ्ठी आणि काही दिवसांच्या गोळ्या एका पाकिटात घालून त्याच्या हातात देता येतील.